जमीन पोखरणारे भुंगेरे: पुण्यातील नवख्या निरीक्षकासाठी ओळखीच्या पायऱ्या

मृग नक्षत्राच्या आगेमागे पुण्यात पहिला भरघोस पाऊस पडून गेला, की त्या रात्री जिन्यातल्या दिव्याखाली तपकिरी, काळे, गोलसर भुंगेरे जमतात आणि सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशी त्यांतले मेलेले केरासोबत भरून नेतात. त्या सुपलीभर केरात निदान तीन-चार वेगवेगळ्या कुलांचे कीटक असू शकतात. आपण मात्र त्या सगळ्यांना सरसकट ‘शेणकिडे’ म्हणतो, किंवा घरात शेतीशी संबंध असलेले कोणी असेल तर ‘हुमणीचे भुंगेरे’ म्हणतो, आणि विषय तिथेच संपतो. हा लेख त्यांतल्या एका दुर्लक्षित गटासाठी आहे. दिसायला शेणकिड्यासारखे, सवयीने जमीन पोखरणारे, परंतु शेणकिड्यांच्या कुलात न मोडणारे हे भुंगेरे हातात आले तर ते कसे ओळखायचे, हे पायरीपायरीने सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

कोणाविषयी बोलत आहोत

भुंगेऱ्यांच्या स्कॅरॅबिऑइडिया या मोठ्या अधिकुलातील कीटकांची सर्वांत सोपी खूण म्हणजे त्यांच्या शृंगिकांची टोके. बोलीत आपण ज्यांना मिशा म्हणतो त्या शृंगिकांच्या शेवटी काही चपट्या पाकळ्या असतात आणि कीटकाच्या इच्छेनुसार त्या पंख्यासारख्या उघडतात किंवा मिटतात. शेणकिडे, हुमणीचे भुंगेरे, नारळावरचा गेंडा भुंगा हे सर्व याच अधिकुलातील स्कॅरॅबिडी या कुलाचे सदस्य आहेत. त्यांच्या शेजारी, पण वेगळ्या घरात, गिओट्रुपिडी आणि बोल्बोसेरॅटिडी ही कुले राहतात.

गिओट्रुपिडी हे कुल फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ पिएर आंद्रे लात्रेय यांनी १८०२ मध्ये प्रस्थापित केले. ग्रीक भाषेत ‘गे’ म्हणजे पृथ्वी आणि ‘ट्रुपेटेस’ म्हणजे भोक पाडणारा. थोडक्यात, जमीन पोखरणारा. बोल्बोसेरस हे नाव तर आपल्याला अधिक जवळचे वाटावे असे आहे. ‘बोल्बोस’ म्हणजे कांदा किंवा कंद आणि ‘केरास’ म्हणजे शिंग. ज्याच्या शृंगिकेच्या टोकाला कांद्यासारखा गोल गड्डा आहे तो बोल्बोसेरस. नवख्या निरीक्षकाने दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी हा कांदा लक्षात ठेवावा, कारण पुढे तोच कामाला येणार आहे.

फार काळ बोल्बोसेरस आणि त्याचे नातलग गिओट्रुपिडीचेच एक उपकुल मानले जात. १९९६ मध्ये शोल्ट्झ आणि ब्राउन या अभ्यासकांनी त्यांना स्वतंत्र कुलाचा दर्जा दिला. काही याद्यांमध्ये आजही जुनीच मांडणी दिसते, त्यामुळे एका ठिकाणी बोल्बोसेरॅटिडी आणि दुसऱ्या ठिकाणी बोल्बोसेरॅटिनी असे वाचायला मिळाले तर गोंधळून जाऊ नये; दोन्ही नावे त्याच प्राण्यांची आहेत. जगभरात या दोन्ही गटांच्या मिळून सहाशेहून अधिक जाती आहेत. युरोपच्या कुरणांतला निळसर काळा, शेणाखाली बोगदे खणणारा गिओट्रुपिस हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. मात्र तो आपल्या टेकड्यांवर शोधण्यात अर्थ नाही. भारतात खऱ्या गिओट्रुपिडींचा वावर प्रामुख्याने हिमालयाच्या पट्ट्यात आहे. पुण्यात आपली गाठ पडते ती बोल्बोसेरॅटिडींशी, म्हणजे बोल्बोसेरस, बोल्बोहॅमॅटम यांसारख्या वंशांशी, आणि म्हणून पुढील विवेचनाचा भर त्यांच्यावरच ठेवला आहे.

सुरुवातीलाच एक पथ्य सांगतो, कारण जवळजवळ प्रत्येक नवखा माणूस येथेच चुकतो. भुंगेरा कोठे सापडला, यावरून त्याचे कुल ठरवू नये. शेणात सापडला म्हणून शेणकिडा, बिळातून निघाला म्हणून गिओट्रुपिडी, असा सरळ हिशोब येथे चालत नाही, कारण जमीन पोखरण्याची सवय अनेक कुलांत आहे आणि पोखरण्यासाठी लागणारे दातेरी पुढचे पाय आणि घुमटासारखे शरीर त्या सर्वांनाच लाभलेले आहे. पहिल्या वर्षी मी स्वतः, कुंडीतल्या मातीत शिरताना पाहिलेला तांबूस भुंगेरा वहीत बेधडक ‘शेणकिडा’ म्हणून नोंदवला होता. पुढच्या पावसाळ्यात तसाच दुसरा भिंगाखाली धरला तेव्हा पहिली नोंद खोडावी लागली. कुल ठरते ते तोंड, शृंगिका आणि मागचे पाय यांवरून, आणि पाहायचेही याच क्रमाने.

हाताशी काय असावे

साहित्य फार लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे घडीचे भिंग हवेच. ते डोळ्याला चिकटवून धरायचे असते आणि कीटक भिंगाजवळ आणायचा असतो, हे मात्र सरावाने जमते. त्याशिवाय चित्रकलेचा मऊ ब्रश, बोथट टोकाचा चिमटा, आलेख कागदाचा तुकडा आणि झाकणाला भोके पाडलेले श्रीखंडाचे दोन-तीन रिकामे डबे पुरेसे आहेत. डब्यात ओलसर माती दोन बोटे भरावी. कोरड्या, गुळगुळीत डब्यात भुंगेरा रात्रभर पाय मारत राहतो आणि सकाळपर्यंत थकून जातो.

सरावासाठी जिवंत कीटक धरण्याची गरजही नाही. रस्त्यावरच्या दिव्याखाली पहाटे जाऊन पाहिले, तर साळुंक्या आणि कावळे येऊन गेल्यानंतर उरलेली डोकी, पंखावरणे आणि पाय विखुरलेले दिसतात. पक्षी पोटाचा मऊ भाग खातात आणि आपल्याला हवा असलेला टणक भाग टाकून जातात. अशी दहा-बारा डोकी गोळा करून, कागदावर मांडून, सावकाश शृंगिका मोजण्याइतका चांगला धडा दुसरा नाही. टेकड्यांवरील वनविभागाच्या जागेतून परवानगीशिवाय कीटक उचलून आणू नयेत. तेथे छायाचित्रांवर समाधान मानावे.

केव्हा आणि कोठे पाहावे

वळवाच्या पहिल्या जोरदार सरीपासून जुलैच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत फलदायी. ज्या आठवड्यात लाल मखमली मृगाचा किडा मैदानात दिसू लागतो (तो आठ पायांचा, म्हणजे कीटक नव्हे, कोळ्यांचा नातलग), त्याच आठवड्यात जमिनीखालचे हे भुंगेरेही वर येतात, कारण दोघेही एकाच गोष्टीची वाट पाहत असतात: माती खोलवर भिजण्याची. उन्हाळ्यात पुण्याचा मुरूम आणि काळी माती इतकी घट्ट होते की पूर्ण वाढलेला भुंगेराही ती फोडून वर येऊ शकत नाही.

दिवस मावळल्यापासून साधारण दोन तास बसावे. हवा कोंदट, वारा पडलेला, आकाश ढगाळ आणि चंद्र नसलेला असेल तर उत्तम. पांढरी चादर दोरीवर टाकून तिच्यापुढे दिवा लावण्याची पद्धत सर्वज्ञात आहे. फक्त दिवा निवडताना काळजी घ्यावी. हल्लीच्या एलईडी दिव्यांतून अतिनील किरण फारसे बाहेर पडत नाहीत आणि त्यांच्याकडे कीटक कमी येतात, त्यामुळे जुनी नळी किंवा पाऱ्याच्या वाफेचा दिवा मिळाला तर तो वापरावा. वेताळ टेकडी, तळजाई, पाषाण तलावाचा परिसर किंवा सिंहगडाच्या पायथ्याची गावे, यांच्या कडेला राहणाऱ्यांना गच्चीतूनही पुरेसे काही मिळते. शहराच्या मध्यभागी, जेथे माती दिसतच नाही, तेथे निराशा होण्याची शक्यता अधिक.

दिव्याकडे येणारा बोल्बोसेरॅटिड ओळखीचा होऊ लागला, की त्याचे उडणेही लक्षात येते. तो जड आवाज करीत येतो, चादरीवर आदळतो आणि खाली पडल्यावर लगेच चालू न लागता क्षणभर तसाच राहतो. आकार साधारण वाटाण्यापासून मोठ्या बोराच्या बीपर्यंत, रंग तांबूस तपकिरी ते काळपट, पाठ इतकी फुगीर की टेबलावर ठेवल्यास तो घरंगळेल असे वाटावे. शेणकिडाही फुगीर असतो, पण अनेकदा त्याची पाठ वरून थोडी चपटी असते. या ठशावरून संशय घ्यावा; निर्णय मात्र घेऊ नये.

पहिली पायरी: वरून तोंड दिसते का?

भुंगेऱ्याला अंगठा आणि तर्जनीत, दोन्ही बाजूंनी हलकेच धरावे आणि डोक्याकडे बरोबर वरून पाहावे. शेणकिड्याच्या डोक्याचा पुढचा भाग ढालीसारखा पसरलेला असतो. ती ढाल उलथण्याच्या पात्यासारखी पातळ कडेची, कधी अर्धगोल, कधी मध्ये खाच असलेली असते आणि तिच्याखाली तोंडाचे सर्व अवयव झाकलेले असतात. शेणातला पातळ, पौष्टिक भाग गाळून घेणाऱ्या या प्राण्याला चावण्याची गरज नसते. त्याचे जबडे पडद्यासारखे मऊ असतात आणि वरून ते कधीच दिसत नाहीत.

बोल्बोसेरॅटिडी आणि गिओट्रुपिडी यांच्या बाबतीत चित्र उलटे आहे. ढाल आखूड असते, तिच्यापुढे वरचा ओठ स्पष्टपणे बाहेर आलेला असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जबडे अडकित्त्याच्या पात्यांसारखे पुढे दिसतात. पहिल्यांदा हे पाहिले, की पुन्हा विसरता येत नाही. भुंगेरा जिवंत असेल तर ब्रशचे एक केस त्याच्या तोंडापुढे धरावे. जबडे उघडमीट करताना त्यांची कड लख्ख दिसते.

येथे एक अपवाद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. गेंडा भुंगा आणि त्याचे छोटे नातलग यांच्याही जबड्यांच्या कडा वरून दिसू शकतात, परंतु त्यांचा वरचा ओठ मात्र ढालीखाली दडलेला असतो. म्हणून केवळ जबडे दिसले एवढ्यावर न थांबता ‘जबडे आणि ओठ, दोन्ही दिसतात का?’ असा प्रश्न स्वतःला विचारावा.

दुसरी पायरी: शृंगिकेचे मणी मोजणे

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच बहुतेक जण ती गाळतात. वास्तविक सर्वांत खात्रीचा पुरावा येथेच मिळतो.

शृंगिकेचा पहिला भाग लांब दांड्यासारखा असतो, त्यानंतर बारीक मणी ओवल्यासारखे छोटे भाग येतात आणि शेवटी पाकळ्यांचा गुच्छ. गिओट्रुपिडी व बोल्बोसेरॅटिडी यांच्या शृंगिकेत एकूण ११ भाग असतात आणि त्यांपैकी शेवटचे ३ पाकळ्यांचे. म्हणजे पाकळ्या सोडून दांड्यासह ८ भाग मोजता आले पाहिजेत. शेणकिड्यात एकूण ८ किंवा ९ भाग असतात, म्हणजे पाकळ्यांपूर्वी ५ किंवा ६. हुमणीचे भुंगेरे आणि गेंडा भुंगा यांत साधारणपणे १०. मोजणी पाकळ्यांकडून डोक्याकडे करावी, कारण पाकळ्यांलगतचे मणी आखूड आणि रुंद होत जातात व दांड्याकडून सुरुवात केल्यास शेवटी ते एकमेकांत मिसळून एखादा हमखास सुटतो. दोन्ही बाजूंच्या शृंगिका मोजाव्यात आणि आकडे जुळले नाहीत तर पुन्हा मोजावे.

आता कांद्याकडे वळू. बोल्बोसेरॅटिडाच्या तीन पाकळ्या मिटलेल्या असताना त्यांचा गड्डा गोल, मोठा आणि दोन्ही बाजूंनी फुगीर दिसतो. एकमेकांवर दाबून ठेवलेल्या दोन छोट्या भिंगांच्या मध्ये तिसरी चकती अडकवावी, तसा. बाहेरच्या दोन पाकळ्या मधलीला जवळजवळ झाकून टाकतात. पृष्ठभागावर इतकी बारीक लव असते की पिवळट मखमलीचा भास होतो. डोक्याच्या मानाने हा गड्डा अवाजवी मोठा वाटतो आणि भुंगेरा घाबरला की तो दोन्ही गड्डे डोक्याखाली ओढून घेतो; अशा वेळी त्याला ओल्या मातीवर ठेवून मिनिटभर थांबावे. हवा हुंगण्यासाठी तो शृंगिका बाहेर काढतोच.

घाई असेल तर डबा पाच-सात मिनिटे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्यास भुंगेरा मंदावतो आणि तपासणी सोपी होते. श्रीखंडाच्या डब्यावर मोठ्या अक्षरात सूचना लिहून ठेवावी, एवढे अनुभवावरून सुचवतो.

तिसरी पायरी: मागची नडगी आणि पाठीची मागची बाजू

भुंगेऱ्याला उताणे करून मागच्या पायाची नडगी पाहावी. नडगीच्या टोकाला, जेथे पाऊल सुरू होते तेथे, बोल्बोसेरॅटिडी व गिओट्रुपिडी यांच्यात दोन सुटे काटे असतात, तर शेणकिड्यात एकच. सुटा काटा आणि नडगीच्या कडेचा स्थिर दात यांत नवख्यांचा घोटाळा होतो. टाचणीच्या डोक्याने हलकेच ढकलून पाहावे. जो सांध्यावर हलतो तो काटा, जो हलत नाही तो दात. ही पाहणी पुढच्या पायावर करू नये, कारण तेथे सर्वांनाच एक काटा असतो आणि त्यातून काहीही निष्पन्न होत नाही.

मग पाठीकडे यावे. दोन्ही पंखावरणांच्या मुळाशी, अगदी मध्यभागी, एक त्रिकोणी तुकडा आपल्या भुंगेऱ्यात स्पष्ट दिसतो. बहुतेक शेणकिड्यांत तो झाकलेला असतो. तसेच आपल्या भुंगेऱ्याची पंखावरणे पोटाचे टोक पूर्णपणे झाकतात, तर शेणकिड्याच्या पोटाचा शेवटचा भाग मागून उघडा दिसतो. पंखावरणांवर ठिपक्यांच्या स्पष्ट उभ्या रेघा असतात.

डोळ्यांची खूण फक्त शेवटच्या निवाड्यासाठी. डोक्याच्या कडेचा एक चिंचोळा पट्टा डोळ्यात शिरलेला असतो. खऱ्या गिओट्रुपिडींत तो सामान्यतः डोळ्याचे दोन पूर्ण भाग करतो, बोल्बोसेरॅटिडींत तो अर्ध्यावर थांबतो. पुण्यात राहून पहिला प्रकार पाहण्याचा योग बहुधा येणार नाही. हिमालयात फिरायला जाल तेव्हा भिंग सोबत ठेवा.

जेथे पाऊल घसरते

सर्वांत जास्त फसवणारा पाहुणा म्हणजे हायबोसोरिडी कुलातला लहान, चकचकीत, गडद तपकिरी भुंगेरा. तोही पहिल्या पावसात दिव्याकडे येतो आणि त्याचेही जबडे व ओठ वरून दिसतात, त्यामुळे पहिल्या पायरीवर तो बिनदिक्कत उत्तीर्ण होतो. त्याला पकडायचे ते शृंगिकेवर. तेथे भाग साधारण १० असतात आणि पाकळ्यांची रचना वेगळी असते: पहिली पाकळी वाटीसारखी खोलगट असून उरलेल्या दोन तिच्यात बसतात. कांदा आणि वाटी, हा फरक एकदा डोळ्यांत ठसला की पुढे घोळ होत नाही. शिवाय त्याचे शरीर घुमटासारखे नसून थोडे लांबट असते.

दुसरे फसवे कीटक म्हणजे अ‍ॅफोडिनी उपकुलातले चिमुकले शेणकिडे. त्यांना मागच्या नडगीवर दोन काटे असतात, त्रिकोणी तुकडा दिसतो, पोटही झाकलेले असते. म्हणजे तिसऱ्या पायरीवरची सगळी उत्तरे बरोबर येतात. परंतु त्यांचे तोंड ढालीखाली असते आणि आकार बहुधा तांदळाच्या दाण्याएवढा, लांबट. मी पायऱ्यांच्या क्रमाचा आग्रह धरतो तो यासाठीच. तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करणारा माणूस अ‍ॅफोडिनीपाशी अडकतो, आणि पहिल्याच पायरीवर समाधान मानणारा हायबोसोरिडीपाशी.

शिंगांविषयीही दोन शब्द सांगायला हवेत, कारण शिंग दिसले की लोकांचा उत्साह वाढतो. बोल्बोसेरस क्वाड्रिडेन्स या जातीच्या नावातच ‘चार दातांचा’ असा उल्लेख आहे आणि या गटातल्या अनेक नरांच्या डोक्यावर छोटे शिंग व वक्षाच्या पाठीवर खळगे आणि टेंगळे असतात. पण शिंगे शेणकिड्यांतही असतात, गेंडा भुंग्यातही असतात, आणि माद्यांत व अपुऱ्या पोषणावर वाढलेल्या लहान नरांत ती नाममात्र किंवा मुळीच नसतात. शिंगावरून फार तर नर ओळखावा. रंगाचेही तसेच आहे: नुकताच कोशातून बाहेर पडलेला भुंगेरा फिकट, मऊ असतो आणि काही दिवसांनी त्याचा रंग चढतो.

हातात धरल्यावर काही भुंगेरे बारीक ‘चूं चूं’ आवाज काढतात. गिओट्रुपिस मागच्या पायाचा मुळाचा भाग पोटावर घासून असा आवाज करतो. आवाज ऐकून आनंद जरूर घ्यावा, परंतु काही शेणकिडेही अशी कुरकुर करीत असल्यामुळे ओळखीच्या कामी तो बाद समजावा. पोटाखाली फिकट तपकिरी, धावणारे ठिपके दिसले तर त्यांना उवा समजून ब्रशने झाडू नये. ते बहुधा कोळिकिडे असतात आणि भुंगेऱ्याचा वाहन म्हणून उपयोग करून एका ठिकाणाहून दुसरीकडे जातात.

बिळावरून काय समजते

ओळख पटल्यानंतर खरी गंमत सुरू होते ती जमिनीवर. शेणकिड्यांच्या तीन रीती आहेत: काही शेणाचा गोळा करून तो लोटत दूर नेतात, काही शेणाच्या पोखाली थेट बोगदा खणून माल खाली उतरवतात आणि काही शेणातच संसार थाटतात. टेकडीवर गाई-म्हशी चरून गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी वाळत आलेला शेणाचा पो काडीने उलटावा; खाली बोटाच्या जाडीची भोके आणि भोवती भुसभुशीत मातीचे ढीग दिसले तर बोगदेवाल्यांचे काम समजावे. हेलिओकोप्रिस हा आपल्याकडचा आडदांड शेणकिडा अंड्यासाठी शेणाचे जे गोळे जमिनीत पुरतो, त्यांवर मातीचा जाड थर असतो आणि ते वाळून इतके कठीण होतात की खोदकामात सापडलेले असे गोळे जुने दगडी तोफगोळे समजले गेल्याचा उल्लेख कीटकशास्त्राच्या जुन्या लेखनात आहे. सिंहगडाच्या परिसरात असा गोळा सापडल्यास इतिहासाकडे वळण्यापूर्वी तो फोडून पाहावा.

बोल्बोसेरॅटिडाचे बीळ मात्र शेणापासून दूर, मोकळ्या मातीत, पायवाटेच्या कडेला किंवा विरळ गवतात असते. भोक गोल आणि जवळपास सरळ खाली जाणारे असते, आणि तोंडाशी खालून ढकललेल्या मातीचा ढीग जमतो. ताजा ढीग ओल्या, गडद मातीचा असतो. ऊन पडले की तासाभरात तो फिका होतो, म्हणून सकाळी लवकर गेल्यास रात्रीची बिळे सहज वेगळी काढता येतात. मुंगळ्यांचे वारूळही असेच दिसू शकते, पण त्यातली माती दाणेदार असते आणि मुंग्यांची ये-जा चालू असते.

हे प्राणी शेण खात नाहीत तर जमिनीत करतात काय, हा प्रश्न साहजिक आहे. युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील निरीक्षणांत या गटातील अनेक जाती जमिनीखाली वाढणाऱ्या बुरशीवर जगताना आढळल्या आहेत. ही बुरशी झाडांच्या मुळांशी सहजीवनात राहते. गिओट्रुपिडींत तर आणखी विविधता आहे. गिओट्रुपिस बोगद्याच्या टोकांत शेण ठासून प्रत्येक कप्प्यात एकेक अंडे घालतो, तर पूर्व युरोपातला लेथ्रस झाडांचे कोवळे कोंब कातरून बिळात ओढून नेतो. आणि खोलीचे म्हणाल तर युरोपातल्या टायफियसचे बीळ दीड मीटरपर्यंत जाते, आणि फ्लोरिडाच्या वाळूतल्या पेल्टोट्रुपिसचे सुमारे तीन मीटर. आपल्या पातळ मातीखाली लगेच कातळ लागतो, त्यामुळे टेकडीवरचे बीळ किती खोल असेल हे तेथील मुरुमाच्या थरावरच अवलंबून आहे. बीळ उकरून पाहण्याचा मोह मात्र आवरावा. त्याऐवजी शेजारी दगडाची खूण करून रोज त्याच वेळी ढिगाची उंची मोजली, तर आठवड्याभरात उकरण्याहून जास्त समजते.

जाता जाता: गोठ्याजवळच्या शेणात काहीच सापडले नाही तर नवल वाटून घेऊ नये. जनावरांना दिलेल्या काही जंतनाशकांचा, विशेषतः आयव्हरमेक्टिनचा, अंश शेणात उतरतो आणि त्यात शेणकिड्यांच्या अळ्या जगत नाहीत. जंताचे औषध नुकते दिले होते का, हे गोठ्याच्या मालकांना विचारून नोंदीत लिहावे.

छायाचित्रे आणि नोंद

वरून काढलेले एकच सुंदर छायाचित्र ओळखीसाठी जवळजवळ निरुपयोगी असते. पाच हवीत: पाठ वरून, शरीर बाजूने, डोके समोरून, उघडी शृंगिका आणि मागची नडगी खालून. पाठीच्या छायाचित्रात आलेख कागद खाली ठेवावा म्हणजे मिलिमीटर आपोआप मिळतात. नोंदीत तारीख, वेळ, ठिकाण, दिव्याचा प्रकार, त्या दिवशीचा पाऊस आणि मातीचा प्रकार लिहावा. मोबाइलमधील ॲप सुचवतात ती जात लगेच मान्य करू नये. त्यांच्या यादीत अमेरिकेतले आणि युरोपातले भुंगेरे जास्त असल्यास ती बेलाशक तेथलीच नावे पुढे करतात. पहिली दोन वर्षे ‘बोल्बोसेरॅटिडी’ एवढ्यावरच थांबण्यात कमीपणा नाही. जाती ठरवण्यासाठी बऱ्याचदा संग्रहातील नमुन्यांशी तुलना लागते आणि त्यासाठी आकुर्डी येथे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे.

तपासणी संपली की भुंगेरा त्याच परिसरात, पण दिव्यापासून दूर आणि अंधार पडल्यावर सोडावा; सकाळी सोडलेला भुंगेरा साळुंक्यांच्या न्याहारीला जातो. ओली, भुसभुशीत माती निवडून त्याला तिच्यावर ठेवावे आणि टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावून पाहत राहावे. आधी तो डोके खाली घालतो, पुढचे दातेरी पाय बाजूला फाकवून माती सैल करतो, मग मागच्या पायांनी ती वर रेटतो. पाठ हळूहळू बुडत जाते, शेवटी पंखावरणांची दोन टोके तेवढी दिसतात, आणि त्यांच्यावरही मातीचा पहिला ढेकूळ येऊन पडतो.